छर्र्यांचा पितळी साचा

रिटायर झाल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी रायफल क्लबात गेले. नंदेसरीच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये आयुष्यभर थेंब मोजले होते, आता जरा आवाज करावासा वाटत होता. माझ्या माहेरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यांचा तलवारीसकट फोटो अजून भावाच्या हॉलमध्ये आहे, पण त्यांच्यानंतर आमच्यात दिवाळीच्या टिकल्यांपलीकडे कुणी काही उडवलेलं नाही.

माझी एअर रायफल मी पहिल्या पगारातून घेतली होती. वर्षानुवर्षं ती कपाटावर पडून होती, आणि ती बनवणारी कंपनी दरम्यान बंदही पडली. तिची नळी बाजारातल्या छर्र्यांना किंचित सैल होती. छर्रा आत टाकला की घसरत खाली जायचा, हवा बाजूने निसटायची आणि नेम कुठलाही धरा, भोक भलतीकडेच पडायचं. क्लबचे गुजराती सेक्रेटरी माझा टार्गेटचा कागद उजेडासमोर धरून म्हणाले, "बेन, आ तो रमकडुं छे." ज्येष्ठ महिलांच्या संघात तीनच जागा होत्या आणि निवड चाचणी महिन्यावर आली होती. नवी रायफल घ्या, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. माझ्या रायफलला कुणी खेळणं म्हणावं! तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, येईन तर हीच घेऊन येईन.

आता रायफल बदलायची नाही, तर छर्रा बदलायला हवा. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. डोकं सपाट, कंबर बारीक, खाली पोकळ आणि घेर बाजारातल्यापेक्षा केसभर मोठा. परकर वाऱ्याने फुगतो तसा हा घेर मागच्या हवेने फुगायला हवा आणि नळीला आतून चिकटून बसायला हवा. त्यासाठी शिसंही शुद्ध, मऊ हवं. माझ्या दिरांचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. त्यांनी चित्र बघून आधी डोकं खाजवलं आणि मग सांडशीसारखा उघडमीट होणारा, दोन भागांचा सुंदर पितळी साचा करून दिला. परसात वेगळी शेगडी मांडली, वेगळी कढई आणली, हातमोजे आणि मास्क चढवला, आणि शिसं ओतलं.

छर्रे निघाले ते सुरकुतलेले. कुणाचा घेर अर्धाच भरलेला, कुणी साच्याला असा चिकटलेला की काडीने उकरावा लागे. मांडवीच्या बाजारातून आणलेल्या छोट्या काट्यावर तोलले तर दोघांचं वजन सारखं नाही. साचा तापवून पाहिला, शिसं जास्त गरम करून पाहिलं. दुपार होता होता चारदोन बरे निघायचे, मला वाटायचं जमलं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिशाच्या व्यापाऱ्याला फोनवर झापलं. दिरांना म्हटलं, तुमचा साचाच वाकडा आहे. ते बिचारे रविवारी येऊन मापं घेऊन गेले. साचा कुठेही वाकडा नव्हता.

मधेच सासूबाई आठवडाभर नाशिकला नणंदेकडे गेल्या. त्या आठवड्यात जादू झाल्यासारखे छर्रे निघू लागले. धार रेखीव, घेर पूर्ण, वजन सारखं. मला वाटलं, हात बसला. मी एकटीच परसात हसत होते. सासूबाई परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच ओतीला सुरकुत्या.

मी चिडून साचा उचलला आणि त्यात मला माझा चेहरा दिसला. देवघरातल्या समईसारखा लखलखत होता तो.

"आई, हा साचा कुणी घासला?"

"मीच की. रोज घासते, चिंच-मीठ लावून. पितळेची वस्तू अशी काळीकुट्ट ठेवली तर लोक नावं कोणाला ठेवतील? मलाच ना?"

मी डोक्याला हात लावून पायरीवरच बसले. दिवसभर शेगडीवर तापून साच्याला जी काजळी धरायची, तीच शिशाला चिकटू देत नव्हती आणि कानाकोपऱ्यात नीट पसरू देत होती. आमच्या घराची अब्रू राखायला सासूबाई ती रोज संध्याकाळी घासून काढत होत्या आणि साचा धुऊन, पुसून, उन्हाची वाट न बघता गॅसवर कोरडा करून ठेवत होत्या. आता रागावू तरी कुणावर? मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग काजळ हवंय असं म्हण की."

त्या आत जाऊन एरंडेलाचा दिवा घेऊन आल्या. माझ्या दोन्ही मुलांचं काजळ त्यांनीच धरलं होतं. साच्याचा एकेक भाग चिमट्यात धरून त्यांनी ज्योतीवर असा अलगद फिरवला की आत रेशमासारखा काळा थर बसला. जाड झालं तर पोपडे निघतात, हे त्यांनीच मला सांगितलं. त्या साच्यातून पहिलाच छर्रा टपकन खाली पडला, आणि तो इतका देखणा होता की मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मला हातमोजे काढायला लावले.

चाचणीच्या दिवशी पहिला छर्रा नळीत बसतानाच अंगठ्याला जाणवलं, ही आता सैल नाही. मग मी घाई केली नाही. कागद परत आला तेव्हा सगळी भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकून जातील इतकी जवळ होती. यादीत माझं नाव सर्वांत वर लागलं. सेक्रेटरींनी कागद पुन्हा उजेडासमोर धरला, बराच वेळ. मग हळूच विचारलं, "बेन, मने पण थोडा छर्रा आपशो?" मी म्हटलं, देईन की, आधी माझ्या खेळण्याला नमस्कार करा. त्यांनी खरंच केला. मला इतका आनंद झाला की स्कूटर चालवताना मी मोठ्याने गात घरी आले.

सासूबाईंना बातमी सांगितली, तर त्या म्हणाल्या, बरं झालं, हात धू.

दिवाळीच्या आधी त्यांनी नेहमीप्रमाणे घरातलं सगळं पितळ काढलं. समई, तांब्या, घंगाळ, पूजेची घंटा, सगळं घासून दिवाणखान्यातल्या फळीवर ओळीने मांडलं. पाहुणे यायच्या आधी मी सहज बघायला गेले. त्या लखलखत्या ओळीत मधोमध साचा ठेवला होता, न घासलेला, काळाकुट्ट.