मायाक्काच्या पिशवीतले फोन

आमच्या वाडीत मोबाईल सगळ्यांकडे आहे आणि रेंज कुणाकडेच नाही. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून आमची वाडी. कंपनीच्या नकाशात मात्र वाडीवर गडद निळा रंग फासलेला आहे, म्हणजे इथं म्हणे फोन खणखणीत लागतो. तो नकाशा मी मंगळवेढ्याच्या दुकानात पाहिला आणि दुकानदाराला म्हणालो, "ह्यो रंग ज्यानं दिलाय त्याला एकदा वाडीत आणा. जेवण मी घालतो."

मी भारत. सकाळी वाडीतल्या दूध डेअरीत फॅट मोजतो, दिवसभर शेत बघतो. डोकं माझं लवकर तापतं, हे आधीच सांगितलेलं बरं. गेल्या पाच वर्षांत कंपनीला मी इतके फोन केलेत की तिथल्या पोरींना माझा आवाज पाठ झाला असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "सर, आपला परिसर नेटवर्कच्या कक्षेत आहे. फोन एकदा बंद करून चालू करा." आणि हे ऐकायलासुद्धा मला अडीच किलोमीटर लांब बिरोबाच्या माळावर जावं लागायचं, कारण रेंज नाही हे सांगायलाही रेंज लागते. दुसऱ्या कंपनीचा टॉवर तर याहून लांब. एकदा मोजणी करायला कंपनीचा माणूस आला. चौकात उभा राहून त्यानं मोजणी केली, पण ती वर पाठवायला त्याच्याही फोनला रेंज मिळेना. शेवटी त्यानं आपला फोन मायाक्काच्या पिशवीत टाकला आणि डेअरीच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत चहा पीत बसला.

मायाक्का म्हणजे आमच्या धनगरवाड्यातली बाई. साठीला आलेली, पण चालायला लागली की पोरांना दमवते. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तीसेक मेंढरं आहेत, ती घेऊन रोज सकाळी माळावर जाते. मागं माझा पाय मोडला होता तेव्हा मी तिला म्हणालो, "आक्का, माझा फोन तेवढा माळावर घेऊन जा की. मेसेज येतील ते येतील." ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं दिला, मग त्याच्या शेजाऱ्यानं. आता रोज पंधरा-सोळा फोन तिच्या घोंगड्याच्या पिशवीतून माळावर जातात.

तिला वाचता येत नाही. मग कुणाचा फोन कुठला हे कसं ओळखायचं? धनगर मेंढराच्या पाठीवर रंग लावतात ना, तसंच तिनं केलं. प्रत्येक फोनला रंगवलेल्या लोकरीचा एकेक धागा बांधला. माझा पिवळा, सरपंचांचा लाल, शाळेच्या बाईंचा हिरवा. आजवर एकही फोन चुकून दुसऱ्या घरी गेला नाही. कंपनीकडून मात्र माझं बिल दोनदा भलत्याच्या नावानं आलंय.

आम्हीही हुशार झालो. सकाळी पिशवीत टाकायच्या आधी फोनवर जे बोलायचं ते बोलून ठेवायचं. माळावर रेंज आली की ते बोलणं आपोआप पुढं जातं, आणि संध्याकाळी उत्तर पिशवीतून घरी येतं. मायाक्काचा नियम एकच. फोन कितीही वाजला तरी ती उचलत नाही. "मी फोन चारून आणते," ती म्हणते, "बोलणं तुमचं तुमी करा. दुसऱ्याचं बोलणं आपन ऐकू न्हाय." एकदा मी विचारलं होतं, एवढे फोन सांभाळतेस, मग स्वतःला एक का घेत नाहीस? ती मेंढराच्या पायातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कोन करणार हाय फोन?"

आता त्या दिवसाचं सांगतो. माझी थोरली, ऋतुजा, बारावी झाली आणि तिचा सोलापूरच्या नर्सिंग कॉलेजला नंबर लागला. वाडीतली पहिली पोरगी. सीट नक्की करायला मंगळवेढ्याच्या सेतू केंद्रात जाऊन ऑनलाईन होकार द्यायचा होता, आणि त्याची शेवटची वेळ होती संध्याकाळी पाच. फॉर्मवर नंबर माझा दिलेला. म्हणजे ओटीपी माझ्या फोनवर येणार, म्हणून माझा फोन तिनं बरोबर न्यायचा, असं आदल्या दिवशीच ठरलं होतं.

सकाळी मी डेअरीतून आलो. दारात मायाक्का पिशवी घेऊन उभी. हाताला रोजचं वळण पडलेलं. मी खिशातला फोन काढला आणि पिशवीत टाकला. ऋतुजाला वाटलं, आईनं फोन फायलीसोबत ठेवला असेल. ती जीपमध्ये बसली आणि गेली.

दुपारी तीन वाजता बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, "फोन दिलासा न्हवं पोरीला?"

मी तसाच उठलो. पाच वर्षं ज्या कंपनीला शिव्या घातल्या, त्यातली एक तरी आता स्वतःला घालायला हवी होती, पण तेवढाही वेळ नव्हता. मोटारसायकल माळाच्या पायथ्याला टाकली आणि पळत वर चढलो. मायाक्काची बसायची शिळा मोकळी. मेंढरंही नाहीत. मागं वाडीकडं पाहिलं आणि लक्षात आलं, अकरा वाजल्यापासून लाईट गेलेली. लाईट गेली की माळावर रेंज देणारा टॉवरही झोपतो. त्याची बॅटरी मेलेली आहे हे मी कंपनीला तीनदा कळवलंय, आणि तिन्ही वेळा "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आलाय. मी शिळेवर बसलो. पोरीचं सगळं आपल्या हातानं घालवलं, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात वरून हाक आली. माळाच्या धारेवर मायाक्का उभी होती, घोंगडं हलवत.

धारेच्या पलीकडचा उतार कर्नाटकाच्या अंगाला. तिथं नुसता खडक, पावसाळ्यातही गवताची काडी नाही. कुणी शहाणा माणूस तिकडं मेंढरं घालत नाही. मायाक्काची सगळी मेंढरं तिथं उपाशी उभी होती आणि ओरडत होती.

"हितं कशाला आणलीस?" मी धापा टाकत विचारलं.

"तिकडं फोन मुके झाले. हितं कर्नाटकाचा टावर लागतोय," ती म्हणाली. "सकाळी जीपमदी बसताना पोरगी म्हनली व्हती, आक्का, आज माझा लई म्हत्त्वाचा आकडा यायचा हाय. मला वाटलं, पिवळा धागा आज मुका ऱ्हायला नको."

मी विसरलो ते तिनं ध्यानात ठेवलं होतं. तिनं पिवळ्या धाग्याचा फोन माझ्या हातात दिला. चालूच होता. पलीकडून, सेतू केंद्रातल्या फोनवरून, ऋतुजाचं हुंदके देणं ऐकू येत होतं.

"लई येळ कोकलत व्हता," मायाक्का खाली बघत म्हणाली. "तू चढताना दिसलास, मग उचलला. पोरीला म्हनलं, मला वाचता येत न्हाय, पर तुझा बा आलाय. रागावू नगंस."

मी काय रागावणार? ऋतुजाला म्हणालो, पुन्हा आकडा पाठव. तो आला, मी वाचून दाखवला, घाईत एक आकडा चुकला. दुसऱ्यांदा मागवला. या वेळी एकेक आकडा सावकाश वाचला. चार वाजून दहा मिनिटांनी तिकडून ऋतुजा म्हणाली, "आण्णा, झालं. सीट मिळाली." मी त्या खडकावर बसून रडलो, हे लपवत नाही. मायाक्का मेंढरं परत गवताकडं हाकायला लागली होती. मी तिला म्हणालो, तुझे उपकार कसे फेडायचे. ती म्हणाली, "आधी ती काळी मेंढी आडव, खाली पळाली."

आता ऋतुजा सोलापूरला हॉस्टेलवर आहे. तिथं म्हणे जिन्याखालीसुद्धा रेंज येते. पहिल्याच आठवड्यात तिचं बोलणं पिशवीतून घरी आलं. मी फोन कानाला लावला. "आण्णा, तुमच्याशी मी असंच बोलून ठेवीन. पर रोज चार वाजता मी तुमच्या फोनवर फोन करनार हाय, तो तुमचा न्हाय, आक्काचा हाय. तिला उचलायला सांगा."

मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. बापापेक्षा आक्का. पण रात्रभर विचार केला आणि सकाळी मायाक्काला निरोप दिला. तिनं पिशवीत वरच्या बाजूला माझा फोन ठेवला, एवढंच.

संध्याकाळी ती दारात आली. फोन बंद पडलेला. मी विचारलं, "आला व्हता का फोन?"

"व्हय."

"काय म्हनली पोरगी?"

"दुसऱ्याचं बोलणं इचारू न्हाय, भारता," ती म्हणाली आणि निघाली. चार पावलं गेली आणि मागं वळली. "उद्या पुरता चार्ज करून दे. आज मदीच बंद पडला."

तेव्हापासून आमच्या घरात लाईट आली की पहिली पिन पिवळ्या धाग्याच्या फोनला लागते.