दूध : डेअरीला

ग्रेस साळवे बाई आमच्या शाळेत सहा वर्षं होत्या. त्या सहा वर्षांत शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आपणहून कुणी बसलं नाही. मी शाळेचा हेडक्लार्क. माझं टेबल त्या खोलीच्या दाराशी आहे, त्यामुळे हे मला रोज दिसायचं. मीही कधी बसलो नाही.

बाई मूळच्या कोल्हारच्या. आई नर्स, वडील प्राथमिक शिक्षक. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या विज्ञान शिकवायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी गेटवरच्या अजिनाथच्या टपरीशी भांडण काढलं. मधल्या सुट्टीनंतर पोरं दहाही बोटांत तळलेल्या केशरी नळ्या अडकवून, एकेक कुरतडत वर्गात यायची. बाई दारात उभ्या.

"हात पुढे. हा रंग बोटाचा जात नाही, पोटात गेल्यावर काय होतं?"

नळ्या कचऱ्याच्या डब्यात जायच्या. अजिनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ह्या बाईनं माझ्या पोटावर पाय दिला, अन् पोरांना शिकवती काय? तर पोटाचंच शास्त्र!"

नववीच्या मुलींना त्या रांगेत उभं करत आणि खालची पापणी ओढून बघत. "आतून लाल पाहिजे. तुझी पांढरी फटक आहे. जेवताना चहा पितेस?" पालेभाजी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं, वर लिंबू पिळून; आणि जेवणाच्या आगंमागं चहा नाही. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी यासाठीच मागून घेतला होता. मुलं त्याला डब्याचा तास म्हणायची आणि बाईंना हरभराबाई. बाईंची पाठ वळली की मुली एकमेकींच्या पापण्या ओढून फिदीफिदी हसायच्या. बाईंना ते ठाऊक होतं. "हसा. चक्कर येऊन पडाल तेव्हा मी हसेन," असं त्या म्हणत. असं बोलणाऱ्या माणसाला गावात मित्र मिळत नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी नववीच्या अडतीस मुलामुलींना एकेक कागद दिला. काल काय खाल्लं, घरात कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, आणि दूध किती. खरं लिहा, नाव लिहू नका, असं बजावलं. सोमवारच्या पालकसभेसाठी ते कागद दर्शनी फलकावर लावायचे होते. फलकाची किल्ली माझ्याकडे असते.

मी म्हणालो, "बाई, नाव नसलेला कागद फलकावर लागत नाही. शाळेचा नियम आहे."

"कुणी केलाय?"

"मी."

"मग लावू नका. नावाशिवाय लागणार नसतील तर राहू द्या," असं म्हणून कागद माझ्याच टेबलावर टाकून त्या शनिवारी कोल्हारला गेल्या. दर रविवारी त्या आईबरोबर चर्चला जात.

मुख्याध्यापकांना मात्र भरलेला फलक हवा होता. रविवारी मी शाळा उघडली, सहामाहीच्या उत्तरपत्रिका काढल्या आणि अक्षर ताडून प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं नाव घातलं. संध्याकाळपर्यंत अडतीसही कागद हजेरीच्या क्रमानं काचेआड लागले. काम चोख झालं म्हणून मी समाधानानं घरी गेलो.

सोमवारी दहाला पालक जमले. बाईंची एसटी अजून यायची होती. एका पालकानं सृष्टीचा कागद मोठ्यानं वाचला. सृष्टी ही शाळा समितीचे अध्यक्ष कानिफनाथ यांची मुलगी. सकाळी कोरा चहा आणि खारी. दुपारी चहा-पोळी. रात्री सगळे जेवल्यावर. भाजी-कोरड्यास संपलं होतं, म्हणून भाकरी आणि तिखट. दूध किती, या प्रश्नापुढं तिनं एकच शब्द लिहिला होता : डेअरीला.

"अध्यक्ष, चाळीस गाया, अन् घरात कोरड्यास पुरंना व्हय?" तो पालक म्हणाला. सगळी सभा हसली.

कानिफनाथांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी सृष्टीला वर्गातून बोलावून घेतलं. "समद्यांम्होरं सांग. हे खरं हाय का बाईनं लिहून घेतलं? खरं असंल तर उद्यापासनं शाळा बंद. गोठ्यात काम लई हाय."

त्यांची आई आक्काबाई पुढच्याच खुर्चीवर होती. ती म्हणाली, "पोरीच्या जातीला दूध पाजलं की लवकर मोठी हुती. आमी काय येडे हाय का पाजायला?"

यावर कुणी हसलं नाही. सृष्टी पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी राहिली. ती खोटं बोलेना आणि खरंही बोलेना. त्याच वेळी बाई दारात आल्या. फलक त्यांनी येतानाच पाहिला असावा. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मुलीकडं.

"मीच सांगितलं तिला तसं लिहायला. नमुना म्हणून," बाई म्हणाल्या.

"म्हंजे खोटं?"

"खोटं."

सहा वर्षांत बाईंच्या तोंडून खोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"लेखी माफी पाहिजे," कानिफनाथ म्हणाले.

"देते. तुम्हीही लिहून द्या, बारावीपर्यंत हिला शाळेतून काढणार नाही."

"तुमी मला अट घालताय?"

"घालते. नाहीतर हिची पापणी इथंच सगळ्यांसमोर ओढून दाखवते. मग कोण खोटं ते लोकच बघतील."

कानिफनाथांनी मानेनंच मला खूण केली. दोन्ही कागद मीच टाइप केले. दोघांनी सह्या केल्या, एकमेकांकडं न बघता. नावं कुणी घातली हे कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

महिन्याभरात बाईंची बदली संस्थेच्या शेवगावच्या शाळेत झाली. कार्यमुक्तीचं पत्र घ्यायला त्या जेवणाच्या सुट्टीनंतर आल्या. मी चहा मागवला होता.

"जेवणावर चहा घेत नाही मी. सहा वर्षं तेच शिकवलं."

मी पत्र पुढं केलं. त्यांनी शब्दन् शब्द वाचून सही केली.

"लाल शाई तुमचीच ना?"

"हो."

"मी लावू नका म्हणाले होते. आणि सभेत तोंड कुठं होतं तुमचं?"

मी शिक्का शोधू लागलो. शिक्का समोरच होता. बाईंनी पत्र घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि निरोप न घेता त्या गेल्या.

शनिवारचा शेवटचा तास आता वाचनालयाचा आहे. अजिनाथच्या नळ्या पुन्हा जोरात खपतात. सृष्टी यंदा दहावीला आहे, हजेरी पूर्ण. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्याच्या टोकाला एकटी बसून छोट्या डब्यातले भिजवलेले हरभरे खाते, वर लिंबू पिळते. डबा धुऊन येताना फलकापाशी थांबते, काचेत बघून खालची पापणी ओढते, आत किती लाल आहे ते पाहते.

मग माझ्या टेबलासमोरून जाते. इतर मुलं मला नमस्कार करतात. ती करत नाही.