हिंमतराव सरांची नागीण

शहाद्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवता शिकवता हिंमतराव सरांचे केस पिकले. विषाणूंचा धडा म्हणजे त्यांचा हुकमी एक्का. फळ्यावर पेशी काढायची, मधोमध केंद्रक, आणि मग आवाज चढवायचा. "कांजिण्यांचा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या डबीत बंद केलेला डीएनए. पेशीत शिरला की डबी केंद्रकाच्या दाराशी जाते आणि डीएनए आत सोडते. मग पेशीच त्याच्या सूचना वाचते, त्याची प्रथिनं बनवते, त्याच्या प्रती निघतात. घर आपलं, मजूर आपले, माल त्याचा." वर्ग हसला की सरांना आपण मोठे वक्ते असल्यासारखं वाटे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या कुशीत आग होऊ लागली. सरांनी स्वतःच निदान केलं, केळीच्या बागेत वाकलो, लचक भरली. दुसऱ्या दिवशी तिथं पाणीदार फोडांचा पट्टा उमटला, तेव्हा लचक मागे घेऊन त्यांनी किडा पुढे केला.

त्यांच्या पत्नी निर्मलाबाईंनी सदरा वर करून पाहिलं. "हाई नागीण शे. डॉक्टरकडे चाला."

घरी अहिराणी बोलणारे सर वाद हरायला लागले की पुस्तकी मराठीवर येत. "निर्मला, मी जीवशास्त्र शिकवतो."

"ते पोऱ्यास्ले शिकाडा. नागीणनी दोन्ही तोंडं मिळी गयात तं माणूस ऱ्हात नही म्हणतस."

सर मोठ्यानं हसले. मग न्हाणीघराची कडी लावून त्यांनी शिवणाची टेप पोटाला गुंडाळून पट्ट्याच्या दोन टोकांतलं अंतर मोजलं. हा पट्टा एका मज्जातंतूच्या वाटेनं जातो, दुसऱ्या बाजूला सहसा जात नाही, हे त्यांनी कितीदा शिकवलं होतं. तरी दुसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा मोजलं. दुपारी निर्मलाबाईंनी लेपासाठी गेरू कालवला, तेव्हा 'थंड वाटतं म्हणून' असं आपणच आपल्याला बजावत ते निमूट पडून राहिले.

संध्याकाळी धानोऱ्याहून लेकीचा, रूपाचा फोन आला. तान्ह्या पोरीला घेऊन ती उद्या माहेरी येणार होती. सर "ये, ये" म्हणाले आणि मग त्यांना स्वतःचाच धडा आठवला. या फोडांच्या पाण्यात कांजिण्यांचाच जिवंत विषाणू असतो. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला तो त्या देऊ शकतो. आणि आजोबा नातीला पहिल्यांदा घेणार तेही याच कुशीत.

"रूपा, थांब. येऊ नको आता. मला नागीण झालीय," ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

डॉक्टर कुंदन त्यांचाच जुना विद्यार्थी. सरांचं तांबडं पोट पाहून तो खुर्ची पुढे ओढून वाकला.

"सर, हे काय?"

"गेरू."

"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

झाल्या होत्या. तेव्हापासून तो डीएनए पाठीच्या कण्याजवळच्या मज्जापेशींच्या केंद्रकात गप्प पडून होता. सर वर्गात त्याचं वर्णन करत होते, तेव्हाही तो तिथंच बसलेला.

"या गोळ्या विषाणूच्या प्रती काढण्यात खोडा घालतात," कुंदन म्हणाला. "पण लवकर सुरू केल्या तर जास्त उपयोग. तुम्ही उशीर केलात."

"मी परीक्षक असतो तर या पेशंटला नापास केलं असतं."

"मी ग्रेस मार्क देतो," कुंदन म्हणाला आणि चिठ्ठी लिहू लागला.

फोड सुकले, पण आग गेली नाही. सदरा टेकला तरी सर कळवळत. नातेवाइकांनी विचारलं तर ते खरं तेच सांगत, "मला सगळं माहीत होतं, म्हणून उशीर झाला."

सगळ्या फोडांनी खपली धरल्यावर कुंदननं परवानगी दिली आणि रूपा आली. तिनं पोरगी आजोबांच्या मांडीवर ठेवली. पोरीनं पाय झाडला तो नेमका उजव्या कुशीत. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, भरून आलं का?" रूपानं विचारलं.

"दुखलं," सर म्हणाले, आणि त्यांनी नातीला डाव्या मांडीवर घेतलं.