शुभांगीच्या खिडकीतले लाल धागे

शुभांगी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडून बसलो होतो. चार दिवस तिचं उत्तर नव्हतं आणि मला वाट बघणं जमत नाही. पुण्याच्या ऑफिसात मी दिवसभरात वीस वेळा खुर्ची सोडून उठतो. फोनवर तिचा धाकटा भाऊ होता. "वसीमभाई, ताई गेली," एवढंच म्हणाला. डेंग्यू. टेंभुर्णीहून जालन्याला नेलं, तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स उतरल्या, चौथ्या दिवशी… मी "बरं" म्हणालो. असल्या वेळी कुणी "बरं" म्हणतं का? मी म्हणालो, आणि उठून चालायला लागलो.

आम्ही इंजिनीअरिंगला एका वर्गात होतो. मी जालन्याचा, ती टेंभुर्णीची, त्यामुळे सुट्टीला एकाच एसटीने यायचो. नोकरी लागल्यावर आम्ही सगळे पुण्यात चिकटलो. ती मात्र दोन वर्षांत गावी परतली, कारण वडील गेले होते आणि तिची आई, म्हणजे आमच्या काकू, एकट्या मिरचीचं शेडनेट सांभाळत होत्या. वरच्या खोलीत एक टेबल, त्यावर दोन छोटे कॉम्प्युटर बोर्ड, आणि तिथे बसून ती जगभरातले लोक तपासून मग वापरतात असला खुला कोड लिहायची. त्या कामाबद्दल तिने काकूंना जे सांगितलं, त्याहून सोपं मला आजही सांगता येत नाही.

काकूंच्या शेडनेटमध्ये बियाण्याची मिरची असते. बाया एकेका फुलाला हाताने पराग लावतात आणि लावून झालं की देठाला लाल धागा बांधतात. तोडणीच्या वेळी धागा असलेली मिरची तेवढी बियाण्याला, बाकीची बाहेर. शुभांगी म्हणाली, "आई, कॉम्प्युटरच्या मेमरीचंबी आता तसंच आहे. नव्या चिपमध्ये मेमरीच्या एकेका तुकड्याला रंग बांधता येतो. जो प्रोग्राम तो तुकडा मागायला येईल, त्याच्याजवळ बराबर तोच रंग पाहिजे. न्हाई जुळला तर चिप त्याला तिथंच थांबवती, मग तो चोर असो का चुकून आलेला." काकूंनी विचारलं, "मंग तू काय करून राह्यली त्यात?" तर म्हणे, एका मशीनच्या पोटात दुसरी खोटी मशीन चालवतात, व्हर्च्युअल मशीन; त्या पोटातल्या मशीनला हे रंग मिळत नाहीत, ते मिळवून द्यायचे. खरी मेख पुढे होती. ही पोटातली मशीन चालू असतानाच उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवतात. मेमरी जाते, पण रंग वेगळ्या जागी साठवलेले असतात. ते मागे राहिले की पलीकडे सगळी मिरची बिनधाग्याची.

गेल्या वर्षी तोडणीला मी गेल्तो. एका लालबुंद मिरचीचा धागा सुटून खाली पडलेला दिसला, म्हणून मी तो उचलून पुन्हा देठाला बांधला. चांगलं काम केलं असंच मला वाटलं. काकूंनी माझा हात धरला. "तू पाह्यलं का, फुलाला पराग लावताना?" मी म्हणालो, नाही, पण धागा इथेच पडला होता. "न्हाई पाह्यलं ना? मंग टाक ती." शुभांगी हसत सुटली. "आई, याला बूड टेकवून काही पाहायलाच येत न्हाई." तिची स्वतःची सवय तीच होती. एखादी टेस्ट शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिली की ती खोलीतल्या खिडकीच्या गजाला एक लाल धागा बांधायची. मी तिला त्यावरून कमी चिडवलं नाही.

तिच्या पॅचची, म्हणजे मूळ कोडात घालायच्या या बदलाची, सातवी आवृत्ती निघायची होती. मशीनवर पूर्ण ताण देऊन ती सहा तास इकडून तिकडे हलवत राहायची, ही टेस्ट तेवढी उरली होती. गावात लाइट सलग सहा तास टिकत नाही, म्हणून तिने ती मला लावायला सांगितली. मी ऑफिसात रिकाम्या मशीनवर ती टेस्ट लावली, दहा मिनिटं पाहिली, सगळं हिरवं दिसलं, आणि बंद करून उठलो. तिला फोन केला. "झाली. ओके आहे."

"पूर्ण सहा तास?"

"अगं हो."

"बांधते मंग धागा," ती म्हणाली. पॅचच्या तळाशी तपासणारा म्हणून तिने माझं नाव घातलं. आमच्या धंद्यात ती ओळ म्हणजे सही असते.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी, त्या कोडवर शेवटचा शब्द ज्यांचा असतो त्या परदेशी गृहस्थांची मेल आली. दुःख झालं, पॅच उत्तम आहे, घेतो. फक्त पूर्ण ताणाखाली हलवून पाहिलंय ना, तेवढं कळवा. एक "हो" लिहिलं असतं की तिचं चार वर्षांचं काम आत गेलं असतं. मी ते तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मग टेस्ट लावली, खरीखुरी. चौथ्या तासाला पडली. मेमरीचं एक पान, म्हणजे एक तुकडा, पलीकडे पाठवून झाल्यावर त्यातला फक्त रंग बदलला, तर आमचा कोड ते पान पुन्हा पाठवतच नव्हता. मी सगळ्यांसमोर लिहिलं की माझी ओळ खोटी आहे, माझं नाव काढा. पॅच थांबला. मी त्या दिवशी खरं बोललो असतो तर तिने ही चूक आठवड्यात काढली असती. त्या फोननंतर ती तीन आठवडे धडधाकट होती. मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

आज सकाळी इन्व्हर्टर घेऊन टेंभुर्णीला आलो. काकूंनी पाणी दिलं आणि विचारलं, "झालं का तिचं काम?" न्हाई काकू, म्हणालो, माझ्यामुळे अडलं, आणि सगळं सांगितलं. त्या जिना चढून वर आल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या. "तुझ्या शब्दावरचा कोणता?" मी शेवटचा दाखवला. बाकीचे उन्हाने विटलेत, हा अजून लाल आहे. काकूंनी नखांनी गाठ सोडवली, धागा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "लाव तुझी मशीन."

दुरुस्ती फार मोठी नव्हती. तिने जागोजाग इतकं नीट लिहून ठेवलंय की नेमकं कुठे हात घालायचा ते कळत गेलं. हे लिहितोय ते तिच्याच टेबलावर, टेस्ट चालू असताना. सव्वापाच तास होऊन गेले. पाय सारखा हलतोय, दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो… आत्ता काकू चहा ठेवून गेल्या.

"संपली का?"

"न्हाई काकू. अजून चाळीस मिनिटं."

"मंग बस."

धागा कीबोर्डच्या शेजारी पडलाय. मी बसलोय.