थोरल्याने दिलेली विड्याची पानं

मंडळी, आज सकाळी धरणाच्या वसाहतीत सोमपालबाबूंकडे दूध घालायला गेलो, तर त्यांच्या घरची चूल विझलेली. हे कारकून सिलोनचे. म्हणाले, “आज आमचं नवं वर्ष. सिंहली, तमिळ, सगळ्यांचं. मुहूर्ताशिवाय चूल पेटत नाही. बसा.”

मुहूर्तावर त्यांच्या आईने चूल पेटवली आणि नव्या मडक्यातलं दूध मुद्दाम उतू जाऊ दिलं. मी हळहळलो, “अहो, म्हशीचं निर्भेळ दूध हाय ते!” बाबू हसले, “म्हणूनच तर तुमच्याकडून घेतलं.”

मग त्यांनी आईला विड्याची पानं देऊन पायांवर डोकं ठेवलं. हे आपल्यासारखंच. पण म्हातारीनेही मुलाच्या हाती पानं दिली आणि हात जोडून काही बोलली. बाबूंनी अर्थ सांगितला, “वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ कर.”

मला माझा धाकटा भाऊ आठवला. गेल्या बेंदराला सगळ्या गावासमोर मी धाकट्या महादूचा बैल मिरवणुकीत मागे घ्यायला लावला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. दसऱ्याला तो सोनं द्यायला आला नाही, आणि मी थोरला म्हणून वाट पाहत राहिलो. रोज देवापुढे वाकणाऱ्याला भावापुढे वाकायला एवढं जड का जावं? तुम्हीच सांगा.

परतताना बाबूंकडून पानं मागून घेऊन थेट महादूच्या दारात गेलो. “महादू, बेंदराला माझं चुकलं.”

तो गडबडला, “दादा, हे उलटंच झालं की!”

आतून भावजय म्हणाली, “घ्या की आता! बैलापरास तुमीच अडून बसलाय.”

मी पानं त्याच्या हातावर ठेवली.