आसगावचे बाद फॉर्म

“बोलू नोका सर, सांडन.”

एक हात वर करून ती एवढेच म्हणायची आणि समोरच्याला ओलांडून पुढे निघून जायची. मी हे पहिल्यांदा ऐकले ते आसगावजवळ, शेताच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. धानाच्या रोवण्याचे दिवस होते. साडी खोचलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चाल इतकी सांभाळून की डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी. घागर नव्हती. डोक्यात पाच बायकांची उत्तरे होती. ती कागदावर उतरेपर्यंत तिला कुणाशीही एक शब्द बोलायचा नव्हता.

तुमच्या दारात कधी ना कधी कुणी फॉर्म घेऊन आलेच असेल. घरात माणसे किती, शेती किती, संडास आहे का. आपण उंबऱ्यात उभे राहून उत्तरे देतो, तो माणूस खुणा करतो आणि जातो. पुढे त्या खुणांचे काय होते हे आपण विचारत नाही. मी विचारायला हवे होते, कारण त्या खुणा माझ्याकडेच यायच्या.

साकोलीच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवले. ती माझी विद्यार्थिनी. लग्न झाल्यावर, मुलीला शाळेत सोडून वर्गात येणारी आणि मागच्या बाकावर बसणारी. वर्गात तिने कधी प्रश्न विचारला नाही. पुढे मात्र ती गावोगावच्या सर्व्हेची कामे करू लागली आणि प्रश्न विचारणे हाच तिचा धंदा झाला. जनावरांची मोजणी असो की अंगणवाडीची पाहणी, तालुक्यात सर्व्हे आला की लोक तिचेच नाव सांगत.

मी निवृत्त झाल्यावर दूरच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेने मला इकडच्या एका अभ्यासाचा समन्वयक केले. रेशन दुकानात अंगठ्याचे यंत्र आल्यापासून बायकांच्या हाती धान्य नीट पडते का, हे पाहायचे होते. यंत्राने अंगठा ओळखला नाही तर दुकानदार एका वहीत सही घेऊन धान्य देत असे. ती वही ठेवायची की बंद करायची, हे आमच्या अहवालावरून ठरणार होते. माहिती गोळा करायला सहा जण मीच निवडले. पाच माझे जुने विद्यार्थी, मोटरसायकलवाले. सहावी ती.

प्रशिक्षणाला संस्थेचे प्रमुख आले. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत असू. तरुण, मनमिळाऊ, कामाला कडक. त्यांनी सांगितले की फॉर्म बाईच्या घरी, तिच्यासमोरच भरायचा आणि सुरू केल्याची व संपवल्याची वेळ टाकायची. ती मागून म्हणाली, “सर, रोवण्याच्या दिवसात बाई घरी राहत नाही. फारम कोणाले इचारू, कोंबडीले?”

खोली हसली. डॉक्टरसाहेबही हसले आणि म्हणाले, संध्याकाळी जा.

“संध्याकाळी नवरा घरी राहते. मंग बाई चूल पाहते अन् नवरा उत्तर देते.”

डॉक्टरसाहेबांनी हे वहीत टिपून घेतले आणि पुढचा मुद्दा घेतला. नियम तसाच राहिला.

तिने आपली वाट काढली. फॉर्म पॉलिथिनच्या पिशवीत बांधून झाडाच्या फांदीला अडकवायचे आणि सरळ बांधीत, पाणी भरलेल्या धानाच्या शेतात उतरायचे. बायकांच्या ओळीत वाकून, धानाच्या रोपांचे पऱ्हे हातात घेऊन, त्यांच्याबरोबर रोवत जायचे. फॉर्म डोळ्यांसमोर दिसला की बाई सगळ्याला हो म्हणते, हात चालू असला की खरे बोलते, असे तिचे म्हणणे. उत्तरे ती ओळीच्या क्रमाने लक्षात ठेवी. डावीकडून पहिली कोण, दुसरी कोण. मध्येच कुणी जागा बदलली की तिचा जीव वरखाली. “ए, जागा नोको बदलू. तुही उत्तरं तिच्या नावावर जातीन.” त्या हसत, आणि मुद्दाम बदलत.

एकदा मी धुऱ्यावर उभा राहून ऐकले. एक म्हातारी सांगत होती की दोन खेपा झाल्या, यंत्र अंगठा घेत नाही, वहीवर सही केली म्हणून धान्य मिळाले. “अंगठा तं माहाच आहे जी. पण मशीनले ओळखूच येत नाही.” शेजारची मान वर न करता म्हणाली, “तुह्या नवऱ्यालेही तू ओळखू येत नव्हती. मशीनचं काय घेऊन बसली.” सगळी ओळ हसून वाकडीतिकडी झाली. माझी विद्यार्थिनीही हसली, आणि त्याच दमात तिने म्हातारीला विचारून घेतले की दोन्ही खेपा रोवण्यातल्या होत्या का, उन्हाळ्यात अंगठा लागला होता का. महिनाभर पाण्याचिखलात राहिलेली बोटे यंत्राला वाचता येत नाहीत, हे त्या फॉर्ममध्ये तेव्हा प्रथम आले.

दिवस मावळायच्या आत ती बसथांब्याच्या बाकावर फॉर्म मांडून बसायची. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, खाडाखोड न करता भरत जायची. आणि वेळेच्या रकान्यात खरी वेळ टाकायची. साडेपाच ते पावणेसहा, पावणेसहा ते सहा. मी तिला एकदा म्हटले, अगं, सकाळची वेळ टाक ना.

“सकाळी तं मी चिखलात होतो, सर.”

बाकीच्या पाच जणांचे फॉर्म कसे भरले जात, हे मला माहीत नव्हते असे मी आजवर सांगत आलो. मला माहीत होते. कुठल्याही बाईला न विचारता, हमरस्त्यावरच्या एका टपरीत ते भरले जात. मुद्दाम दोन-तीन रंगांची पेने, मध्येच चहाचा डाग, वेळा सगळ्या सकाळच्या. दिसायला अस्सल. यंत्राची अडचण येते का? नाही. नाही. नाही. मी ते तपासले आणि सह्या केल्या. मुलांची घरे चालतात, अशी स्वतःची समजूत घातली.

त्यांच्यापैकीच एकाने थांब्यावरून जाताना तिचा फोटो काढला. बाकावर पसरलेले फॉर्म, त्यात वाकून लिहिणारी ती, आजूबाजूला कुणी नाही. अभ्यासाच्या मोबाइल ग्रुपवर टाकून खाली लिहिले, ‘घरोघरी सर्व्हे सुरू आहे.’ पुढे हसरे चेहरे. तासाभरात मला डॉक्टरसाहेबांचा फोन आला. तुम्ही स्वतः जा, तिच्या चार बायकांना पुन्हा विचारा आणि जुळते की नाही ते पाहा.

मी आसगावला गेलो. चौघींना त्यांच्या घरी गाठले आणि एकेक प्रश्न पुन्हा विचारला. सगळे जुळले. कुठल्या महिन्यात धान्य मिळाले नाही, सही कोणी केली, दुकानदार काय म्हणाला, सारे जसेच्या तसे. एका फॉर्मच्या कडेला तिने ‘शेळी मेली त्या आठवड्यात’ असे बारीक लिहिले होते. त्या बाईनेही महिना सांगताना शेळीच आठवली. निघताना एकीने विचारले, “ती सर्व्हेवाली बाई येते का अजून? चांगली रोवते जी. मजुरी पण मांगत नाही.”

तपासणीच्या चार कागदांवर मी ‘जुळते’ असे लिहिले, सही केली आणि कागद बॅगेत ठेवले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरसाहेब साकोलीला आले. त्यांनी सरळच विचारले, “सर, तुम्ही जाऊन आलात. काय दिसलं?”

मला आता तिथे थांबून तुम्हाला नीट सांगायचे आहे. तिचे फॉर्म खरे म्हटले तर उरलेल्या पाचांचे खोटे ठरत होते. ते पाच मी निवडले होते आणि मीच पास केले होते. अहवाल महिनोन् महिने लांबला असता. आणि आधीच्याच भेटीत डॉक्टरसाहेबांनी मला सांगितले होते की मुखपृष्ठावर त्यांच्या शेजारी माझे नाव असेल. ते मी अर्ध्या साकोलीला सांगून बसलो होतो. आयुष्यभर इतरांची पुस्तके शिकवलेल्या माणसाला या गोष्टीचे किती वाटते, ते सांगायलाही आज लाज वाटते.

मी म्हणालो, “फॉर्म बायकांच्या समोर भरलेले नाहीत, हे खरं आहे.”

त्यांनी पेनाचे टोपण काढले, पण लिहिले नाही. मी आणखी काही बोलेन, असे त्यांना वाटले असावे. मग म्हणाले, “म्हणजे बाद करायचे?”

“नियमाप्रमाणे तेच.”

बॅग माझ्या पायाशी होती. मी ती उघडली नाही.

मराठी अहवाल मी लिहिला. त्यात तिच्यासाठी एक वाक्य आहे. ‘एका सर्वेक्षिकेचे फॉर्म अविश्वसनीय आढळल्याने अभ्यासातून वगळण्यात आले.’ ‘संशयास्पद’ लिहावे की ‘अविश्वसनीय’, यावर मी दुपारभर विचार केला होता. दुसरा शब्द मला जरा सौम्य वाटला, म्हणून तो घेतला. आणि शेवटी निष्कर्ष, की अंगठ्याच्या यंत्राबाबत सांगण्याजोगी अडचण आढळली नाही. काही महिन्यांनी त्या गावांतली सहीची वही बंद झाली. फक्त आमच्यामुळे झाली असे मी म्हणू शकत नाही. पण आदेशाच्या कागदात आमच्या अहवालाचा उल्लेख होता. मी तो कौतुकाने जपून ठेवला होता.

तिला मी प्रत्यक्ष काही सांगितले नाही. काम संपले, एवढा निरोप पाठवला. चार दिवसांनी ती घरी आली. खुर्चीवर बसली नाही.

“तुमी आसगावले गेले होते ना, सर? बायांनी सांगतलं. मंग माहे फारम खोटे काहून झाले?”

मी म्हटले, निर्णय वरून झाला.

तिने मान हलवली. भांडेल, रडेल, अशी मी तयारी ठेवली होती. तिने वेगळेच मागितले. “मंग फारम मले वापस द्या. त्याच्यात त्या बायांची नावं आहेत. खोट्याच्या गठ्ठ्यात त्यांची नावं नोको.”

फॉर्म संस्थेच्या मालकीचे असतात, असे मी तिला समजावले. ते खरेच होते. त्या दिवसांत मी खोटे जवळजवळ बोललोच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आले. ती “येतो, सर” म्हणाली आणि गेली.

आमच्याकडे सर्व्हेचे जग लहान. फॉर्म खोटे भरते, ही गोष्ट तिच्या आधी गावोगावी पोचली. तिला पुन्हा कुणी काम दिले नाही. एकदोघांनी मला विचारलेही होते, बाई कशी आहे. मी म्हणालो, हुशार आहे, पण. त्या ‘पण’च्या पुढे मी काही जोडले नाही आणि त्यांना गरज पडली नाही. पाचांपैकी दोघे पुढे चांगल्या जागांवर लागले. दिवाळीला नमस्कार करायला येतात.

गेल्या हिवाळ्यात मी आजारी पडलो. बरा झाल्यावर कपाट आवरताना ते चार कागद सापडले. सापडले असे लिहिणे बरोबर नाही. ते कुठे आहेत हे मला रोज माहीत होते. मी ते घेतले आणि तिच्या गावी गेलो.

घर तेच, एक खोली वाढलेली. कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, खाली नातवंडांची दप्तरे. केस पिकले आहेत. मला पाहून तिने खुर्ची पुसली, सुनेला पाणी आणायला सांगितले आणि काठी कधीपासून लागली ते विचारले. मी बरेच घोकून गेलो होतो. ते बाजूला ठेवून कागद तिच्या हातात दिले.

तिने चष्मा लावला आणि सावकाश वाचले. ‘जुळते’ आणि खाली माझी सही. पहिल्या कागदावरचे नाव वाचून म्हणाली, ही गेली. दुसरीचे वाचून म्हणाली, ही लेकाकडे राहते, नागपुरात. तिसरी आहे, पण डोळ्याने दिसत नाही. चौथे नाव त्या म्हातारीचे होते. वही बंद झाल्यावर ती तीन पावसाळे दुकानातून रिकामी परत गेली, मग जायचेच सोडले, सुनेच्या वाट्यातले खाऊन राहिली. हे तिने मला सुनावले नाही. मी विचारले म्हणून सांगितले.

मग तिने कागदांच्या कडा जुळवल्या आणि माझ्यापुढे धरले.

“हे मले कायले देता, सर? मले तं मालूम होतं.”

मी म्हटले, तुझ्याकडे असू देत.

“ज्याइले मालूम नाही, त्याइले द्या.”

मी संस्थेला पत्र लिहिले, चारही कागदांच्या प्रती जोडल्या. उत्तर सभ्य आले. डॉक्टरसाहेब आता तिथे नाहीत, अहवाल जुना आहे, त्यात बदल करता येत नाही, आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. भावनांची मी काही नोंद पाठवली नव्हती. मग मी लिहायला बसलो. तिचे नाव घालू का, हे विचारायला फोन केला. ती म्हणाली, नको. तेव्हा नावाशिवाय बदनाम झाली, आता नावासकट चर्चा कायले. माझे नाव घालायला मात्र तिची हरकत नव्हती. ते त्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे, वरून दुसरे.

तो अहवाल कुठल्या ग्रंथालयात तुमच्या हाती आला, तर त्यातले ‘अविश्वसनीय’ हे वाक्य शोधा आणि पेन्सिलीने शेजारी लिहा की हे खोटे आहे, लिहिणाऱ्याने कबूल केले आहे. आसगावचे फॉर्म खरे होते. ते तपासायला मी स्वतः गेलो होतो.