पहिलं शील

अल्लीपूरच्या विहारात दर रविवारी पंचशील म्हणताना पहिल्या शीलाला माझा आवाज निघत नसे. प्राणिहत्येपासून दूर राहीन, हे मी कुठल्या तोंडाने म्हणणार? वर्ध्याच्या प्रयोगशाळेत मी उंदीर मारत होते. मारलेल्या उंदराच्या मांडीच्या हाडाची दोन्ही टोकं कापायची आणि सुईने आत पोषक द्रव सोडायचा, की लालसर मज्जा बाहेर येते. तिच्यातून जंतू गिळणाऱ्या पेशी वाढवायच्या. त्या काही दिवसांत मरत आणि पुन्हा नवा उंदीर लागे.

शेजारी बसलेल्या आईला माझं गप्प होणं कळायचं.

मागच्या वर्षी आम्ही एका उंदराच्या मज्जेतल्या पेशींत एक जनुक घातलं. मग त्या मरेनात. गोठवून ठेवल्या तरी पुन्हा ऊब मिळाली की वाढू लागत. आता आमच्या कामाला उंदीर लागणार नव्हता. त्या रविवारी मी पहिलं शील मोठ्याने म्हटलं.

घरी येताना आई म्हणाली, "आज आवाज निघाला तुया."

मी तिला सगळं सांगितलं. तो उंदीर केव्हाच गेला, पण त्याच्या पेशी अजून वाढताहेत आणि आम्ही वाढवू तोवर वाढत राहतील, हेही सांगितलं. थोडी ऐटीतच.

दाराची कडी काढताना आई म्हणाली, "म्हणजे त्याले तुम्ही धड मरू बी नाई देलं."